एक वाटा, चार लिंबं

रोज सकाळी दहाच्या सुमारास मॅडम बाहेर येत आणि लोखंडी फाटकावर खडूने एक आकडा लिहीत. आधी दोन अंक, मग टिंब, मग आणखी चार अंक. रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत नवा आलेला माणूस तो घराचा नंबर समजायचा. एकदा एक कुरिअरवाला बराच वेळ फाटकाशी घुटमळून म्हणाला, "मॅडम, कल तो यहाँ दूसरा नंबर था."

"हव," मॅडम म्हणाल्या, "घर थोड़ा सरक गया."

तो हसला नाही आणि मॅडमही हसल्या नाहीत. आकडा त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाचा असे. कुणासाठी लिहिता, हे मी त्यांना सहा वर्षांत दोन-तीनदा विचारलं. एकदा म्हणाल्या, "गल्लीसाठी." पुढे केव्हातरी म्हणाल्या, "हातासाठी. तीस वर्षांची सवय आहे, हात मागते."

त्या गेल्या त्याला आता दोन महिने होत आले. फाटक अजून कुणी पुसलेलं नाही.

मी त्यांचा भाडेकरू. वरच्या मजल्यावरची दीड खोली माझी. मी मूळचा भंडाऱ्याचा. नव्या रायपुरातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात काम करतो, आणि तिकडे जाणारी बस चुकली की दुसरी केव्हा येईल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून सकाळी लवकर निघतो. खोली बघायला गेलो तेव्हा आडनाव, गाव, लग्न, मटण, यांतलं काही मॅडमनी विचारलं नाही. व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "परवा कांदा तीस रुपये होता. आज चाळीस आहे. हललं कोण?"

मी जरा विचार करून म्हणालो, "कांदा."

"आनि रुपया काय झोपला होता?"

त्यांनी किल्ली पुढे केली. "उत्तर चूक आहे. पण घाई नाही केली. विचार करून चुकला. राहा."

'हललं कोण' हा त्यांचा कायमचा प्रश्न होता. भाजीवालीला, गॅसवाल्याला, टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्याला, सगळ्यांना त्या तो विचारत. शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण ऐकू आलं तरी मान वाकडी करून म्हणत, "हललं कोण, ते पहिले पाहा." त्यांचं म्हणणं असं की जगात एकटी एक गोष्ट कधीच महाग होत नाही. दोन गोष्टींची जोडी असते, आणि त्यांतली कोणती जागची हलली ते लोक बघत नाहीत. डॉलर वर गेला म्हणतात. रुपया खाली आला असेल, किंवा दोघंही खाली आले असतील आणि रुपया जरा जास्त आला असेल. हे त्या इतक्या कुतूहलानं सांगत, की जणू त्यांनाही ते आत्ताच कळलं आहे.

हे सगळं त्या एका धान-मिलच्या ऑफिसात शिकल्या होत्या. मिलचा तांदूळ बाहेरच्या देशांत जायचा. सौदा आज व्हायचा, जहाज पुढच्या महिन्यात निघायचं आणि डॉलर त्याच्याही पुढे दोन महिन्यांनी यायचे. तेवढ्यात भाव हलला तर नफा सगळा धुऊन जायचा. म्हणून येणारे डॉलर आजच्याच भावाला आगाऊ विकून ठेवायचे, आणि हे काम तीस वर्षं मॅडमकडे होतं. दहावीनंतर टायपिंग शिकून त्या तिथं लागल्या आणि डॉलरचं टेबल सांभाळता सांभाळता तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. त्यांचे वडीलही माझ्या वडिलांसारखेच विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेले होते.

तांदळाचं ऑफिस त्यांच्या बोटांतून शेवटपर्यंत गेलं नाही. गोल बाजारात त्या सुटी मॅकरोनी घ्यायला जात. दुकानदाराने तोलण्याआधी मूठभर मॅकरोनी ट्रेमध्ये पसरत, अख्खी एका बाजूला करत आणि तुटलेली दुसऱ्या बाजूला.

"टुकडा ज़्यादा है," त्या सांगत.

"मॅडम, ये चावल नहीं है," दुकानदार दर वेळी कळवळून म्हणे.

"हव. पर टूटा तो है न."

मॅकरोनी लागायची ती रविवारच्या वर्गासाठी. मॅडमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी अकराला चलनाच्या सौद्यांचा वर्ग भरे. नवशिक्यांसाठी, आणि फुकट. मोबाइलच्या दुकानाचा मालक, एक निवृत्त मास्तर, कॉलेजातल्या दोन मुली, असे सात-आठ जण येत. सगळ्यांनी मोबाइलवर कुठं ना कुठं बघितलेलं असे की डॉलर आणि युरोच्या खरेदी-विक्रीत घरबसल्या पैसा आहे. मॅडम पहिल्याच दिवशी सांगत, "छह महीने कोई रुपये को हाथ नहीं लगाएगा. हम लोग नींबू से सीखेंगे."

वर्गातलं चलन लिंबू होतं. आणि लिंबाच्या जोडीला होता मॅडमचा बेक केलेला पास्ता. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा जुना गोल ओव्हन होता, झाकणावर काचेची छोटी खिडकी असलेला. त्यात एक गोल डबा बसे. पांढऱ्या रश्शातली मॅकरोनी, गाजर, मटार, सिमला मिरची, डब्यातल्या अननसाचे तुकडे, वर किसलेलं चीज आणि त्याच्याही वर कुटलेला गोड टोस्ट. डब्याचे आठ वाटे होत. भिंतीवरच्या पाटीवर भाव लिहिलेला असे. एक वाटा, तीन लिंबं. एक वाटा, साडेचार लिंबं.

सौदा आज आणि वाटा ठरलेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मिलच्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मॅडम चिठ्ठी लिहीत: किती वाटे, किती लिंबं, विकणार कोण, घेणार कोण. आपल्याकडे नसलेला वाटाही विकता येई. मास्तरांना हे पटायला तीन रविवार लागले. "जो चीज़ है ही नहीं, वो बेचूँ कैसे?" ते विचारत. मॅडम म्हणत, "बेचो. बस उस दिन बनाके लाना पड़ेगा." म्हणजे विकायच्या वाट्यांसाठी शेवटच्या रविवारी डबा स्वतः भाजायचा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तेवढे वाटे विकत घेऊन द्यायचे. सौदा पुरा झाला की मॅडम चिठ्ठी मधोमध फाडत, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून टाचणी लावत आणि पत्र्याच्या पेटीत टाकत. न फाडलेली चिठ्ठी मुदत उलटून घरात राहिलेली त्यांना खपत नसे.

लिंबं मात्र खरी आणावी लागत. कुणीतरी म्हणालं, नुसती वहीत लिहू या, लिंबं नासतात. "नासूदे," मॅडम म्हणाल्या, "पैसे रखने का भी ख़र्चा होता है. सूँघके सीखो."

मी वर्गात गेलो तो नुसत्या कुतूहलानं गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण माझं एक काम होतं. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर भंडाऱ्याला परत गेले. तिथल्या आमच्या वस्तीच्या विहारात एका कार्यक्रमात उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "या पोरांसाठी इथं वाचनालय मी देईन." वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेले. त्यांचे पैसे माझ्या नावावर आले. खोली बांधायची, कपाटं, पुस्तकं, संध्याकाळी दार उघडणाऱ्या माणसाचा पगार, असा हिशेब मी कितीदा मांडला आणि दर वेळी ते पैसे खर्चाच्या एक-तृतीयांश भरले. वस्तीत गेलो की कुणी काही विचारत नसे. तेच जड जाई. मला ते पैसे तिप्पट करायचे होते.

आमच्या संस्थेच्या ऑफिसातला तिवारी रोज बसमध्ये माझ्या शेजारी बसे आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरी. त्यात बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचं ॲप होतं. तिवारीने दिवाळीत टाकलेली रक्कम होळीपर्यंत दुपटीच्या पुढे गेलेली दिसे, हिरव्या अक्षरांत. "भैया, आप किताब पढ़ते रहो. पापाजी की लाइब्रेरी ऐसे बनेगी," तो स्क्रीनवर बोट आपटून म्हणे. चिडवण्याचा सूर होता, पण त्याच्या मनात माझं भलंच होतं.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सहा महिने झाले का तुले वर्गात?"

"चार झाले."

"मंग थांब."

त्या मार्चमध्ये मला लिंबं कळू लागली. आधीचे दोन महिने मी जिंकलो होतो. मी विचार केला: आत्ता लिंबू स्वस्त आहे, म्हणून एका वाट्याला पाच लिंबं मिळतात. मे महिन्यात लिंबू महाग होईल, मग एका वाट्याला कुणी पाच लिंबं देणार नाही, दोन देईल. तर आज पाचच्या भावाने मेअखेरचे वाटे विकून टाकावेत आणि मेमध्ये दोनच्या भावाने तेवढेच विकत घेऊन देऊन टाकावेत. प्रत्येक वाट्यामागे तीन लिंबं राहतील. मी सोळा वाटे विकले. मॅडमनी सोळा चिठ्ठ्या लिहिल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मेमध्ये सगळं माझ्या म्हणण्यासारखं झालं. लिंबू इतकं महागलं की रसवाल्यांनी उसाच्या रसात टाकणं सोडलं. पाटीवर भाव आला: एक वाटा, दोन लिंबं. अठ्ठेचाळीस लिंबं मी कमावली होती. मी ऐटीत मोबाइलवाल्याला म्हणालो, "द्या मला आठ वाटे, दोनच्या भावाने."

"सर, दो नींबू में?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "इस गर्मी में ओव्हन के सामने कौन बैठेगा?"

मास्तरांनी हात जोडले. मुलींची परीक्षा होती. पाटीवर भाव होता, पण विकणारा एकही नव्हता. शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मॅडमच्या स्वयंपाकघरात दोन डब्यांची मॅकरोनी घेऊन उभा होतो, आणि बाहेर एवढ्या सकाळीच ऊन चटका देत होतं.

मॅडम आत आल्या नाहीत. त्यांनी मागच्या व्हरांड्यात, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बसून मला सांगू लागल्या. मला त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता.

"लोणी इतळलं का? आता मैदा टाक. हलव. रंग नको येऊ देऊ, वास येऊ दे."

"दूध एकदम टाकू?"

"एकदम टाकशीन तं गोळे होतीन. थोडं थोडं टाक. चमचा जड लागला की थांब."

"मॅडम, आत येऊन बघा ना. मला कळत नाही घट्ट झालंय का ते."

"पाहू नको. ऐक. बुडबुडा फुटल्याचा आवाज येते ना, फद्-फद्? झालं मंग."

खरंच तसा आवाज येत होता. मी मॅकरोनी आणि भाज्या त्यात मिसळल्या, डबा भरला, ओव्हन लावला. घामाने चष्मा घसरत होता. मग दारात येऊन त्यांना विचारलं, की बाहेर का बसल्या आहात.

"मी अशीच शिकली," त्या म्हणाल्या. "सेठच्या घरी कागद घेऊन जावं लागे, सहीसाठी. सेठची पूजा चाले. तवापर्यंत मले मागच्या व्हरांड्यात बसवत, रसोईच्या दाराभाईर. एक खुर्ची होती. सेठाणी दर शनिवारी कॉलनीतल्या बायकांले शिकवे, केक, बेक डिश, असं. मी ऐकत बसे. मैदा भाजल्याचा वास, किसणीचा आवाज, सारं ऐकून घरी येऊन करून पाहे."

"आत या, असं कुणी म्हटलं नाही?"

"चहा देत होते. माह्यासाठी एक गिलास होता, वेगळा. खिळ्याले टांगलेला." त्यांनी पदराने मान पुसली. "सेठाणी वाईट नव्हती. चार वर्षं बसली मी त्या खुर्चीवर. पास्ता मातर कधी खाल्ला नाही तिचा. म्हणून मले आजबी माहीत नाही, माह्याच्यासारखा होता का नाही."

"हा वरचा टोस्ट?"

"कायतरी कुटल्याचा आवाज येत होता. मले वाटलं, टोस्ट असन. वर्गातली ती पोट्टी म्हणते, पावाचा चुरा असते. असन बाप्पा."

त्या ओव्हनच्या आवाजाकडे कान देऊन बसल्या होत्या, आणि जरा वेळाने म्हणाल्या, "तुले किती लिंबं मिळाले रे यात?"

"पाटीवर अठ्ठेचाळीस."

"आनि घरी?"

"पाचच्या भावाने ऐंशी मिळतील. पण मैदा, दूध, चीज, अननस..." मी हिशेब केला. मेच्या भावाने लिंबं धरली तरी खर्च जेमतेम निघत होता. अख्ख्या रविवारची मजुरी फुकट.

"भाव तं बरोबर वळखला तू," मॅडम म्हणाल्या. "पण निघाचा दरवाजा नाही पाहिला. तुह्या त्या तिवारीले सांग, मोबाइलात जे हिरवं हिरवं दिसून राहिलं ना, त्यातलं थोडं घरी आणून दाखव. टाकाच्या आधी काढून पाहाव."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तिवारीला तेच म्हटलं. "बस इतना?" तो हसला, आणि माझ्यादेखत पाच हजार काढायला बटण दाबलं. ॲपने सांगितलं, आधी अमुक इतका कर भरा. तिवारी म्हणाला, असतो तसा नियम. संध्याकाळी त्याने कर भरला. मग आणखी कसला तरी भरणा मागितला. आठवड्याने त्याने बसमध्ये मोबाइल बाहेर काढणं बंद केलं. अशी ॲपं आपल्याकडे बेकायदा आहेत, हे मॅडमनी वर्गात पहिल्याच रविवारी सांगितलेलं मला त्यानंतर आठवलं. ऐकलं होतं, पण तिवारीच्या हिरव्या अक्षरांपुढे ते कानात राहिलं नव्हतं.

तिवारी एका रविवारी वर्गात येऊन उभा राहिला. डोळे लाल होते. राग कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं, तो त्याने मॅडमवर काढला. "आप सबको सिखाती हैं. ख़ुद कितना कमाया आपने, बताइए?"

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता, माझ्याही.

"एक पैसा नहीं," मॅडम म्हणाल्या. "तीस साल सेठ का चावल डूबने नहीं दिया. बस, यही काम आता है मेरे को." मग त्यांनी डब्यातला एक वाटा बशीत काढून त्याच्यापुढे ठेवला. "खा लो. नींबू अगले हफ़्ते देना."

तिवारीने तो उभ्याउभ्याच खाल्ला. पुढच्या आठवड्यात लिंबंही आणून दिली.

पुढे वर्ग विरळ होत गेला. नियम आला, की परदेशी चलनात ज्याचं खरोखरीचं काही येणं-देणं अडकलेलं आहे त्यानेच असे सौदे करावेत. मोबाइलवाला हिरमुसला. मॅडमना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी फाटकावरच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "मी पहिल्यापासून काय सांगून राहिली? हातात चावल असन तं डॉलर विका. हातात काहीच नाही तं काहून विकता?" मग समोर बसलेल्या आम्हा चौघांना एकेक करून विचारलं, "आपका क्या अटका है? असली में?"

मास्तर म्हणाले, काही नाही. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "बाबांचं वाचनालय."

मॅडम मराठीत आल्या. "ते डॉलरमध्ये नाही अटकलं. बापानं चारचौघांत बोलून टाकलं, म्हणजे विकून टाकलं. डिलिव्हरी बाकी आहे."

"पैसे पुरत नाहीत, मॅडम."

"पूरा डबा कोण मांगून राहिलं तुले? एक वाटा दे. पण दे."

मला राग आला. इतक्या वर्षांत त्यांचा राग आला तो तेवढ्या एका वेळी. मी म्हणालो, "विकणारा माणूसच राहिला नाही. तुमच्या चिठ्ठ्यांचे नियम त्याला कसे लागू होतील?"

"काहून? माणूस नाही तं सौदा संपला का?" त्यांनी असं विचारलं, जसं काही त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी वर निघून गेलो आणि आठ दिवस खाली बोललो नाही. नवव्या दिवशी फाटकावरचा आकडा बघून सवयीने म्हणालो, "हललं कोण?" त्या म्हणाल्या, "तू." आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. वाचनालयाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वर्गाला मी आणि मास्तर, दोघंच होतो. मॅडमना खोकला होता. तरी पाटी पुसून भाव लिहिला: एक वाटा, चार लिंबं. मास्तर काही घ्यायला तयार नव्हते. वर्ग कोरडा जाऊ नये म्हणून मी एक वाटा घेतला. विकणार: मॅडम. घेणार: मी. शेवटचा रविवार.

तिसऱ्या आठवड्यात खोकला छातीत उतरला. दवाखान्यात पाच दिवस काढून त्या गेल्या.

त्यांची भाची सुजाता दुर्गला शाळेत शिकवते. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती घर आवरायला आली आणि मदतीला मी खाली गेलो. तिने पत्र्याची पेटी उघडली. आत टाचणी लावलेल्या फाटक्या चिठ्ठ्या होत्या, शेकड्यांनी. तिला काही समजेना, म्हणून मी लिंबांपासून सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने सगळ्यांत वरची चिठ्ठी उचलली.

"ये तो फटी नहीं है."

"ती माझी आहे," मी म्हणालो. मी ती मागणारच होतो. मॅडमचं अक्षर माझ्याकडे तेवढंच राहणार होतं. कोणत्या पुस्तकात खूण म्हणून ठेवायची, तेही मी मनात ठरवलं होतं.

सुजाताने चिठ्ठी वाचली. "आज लास्ट संडे है न? तो मौसी को आज देना था आपको."

"अहो, आता विकणाऱ्याच नाहीत, तर..." मी म्हणालो, आणि तिथंच थांबलो. हे वाक्य मी याच खोलीत आधी बोललेलो होतो.

"तो क्या हुआ?" सुजाता म्हणाली. "मैं हूँ न. सामान है क्या घर में?"

मॅकरोनी होती, निवडलेली, एकही तुकडा नसलेली. बाकीचं मी चौकातून घेऊन आलो, आणि चार लिंबंही आणली. सुजाताने पदर खोचला. "मुझे नहीं आता. आप बताते जाइए."

मी सवयीने खुर्ची उचलली आणि मागच्या व्हरांड्यात, दाराबाहेर ठेवली.

"वहाँ क्यों बैठ रहे हैं?" ती आतून म्हणाली. "अंदर आइए न. दिखाइए."

मी जरा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मग आत गेलो. लोणी वितळताना आम्ही दोघं पातेल्यात बघत होतो. मैद्याचा रंग बदलण्याआधीचा क्षण मी तिला बोटाने दाखवला. टोस्ट कुटायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "इसमें तो ब्रेड क्रम्स डलते हैं न?" मी म्हटलं, टोस्टच.

डबा निघाला. आठ वाटे केले. एक वाटा तिने बशीत घालून माझ्या हातात दिला, आणि मी चार लिंबं टेबलावर ठेवली. वाटा खाऊन झाल्यावर चिठ्ठी मधोमध फाडली. फाडायला मला फार वेळ लागला. मग सुजाताने टाचणी शोधून दिली.

सोमवारी मी रजा काढून भंडाऱ्याला गेलो. गाडीत बसल्यावर ग्रंथालयातल्या एका जुन्या कार्डाच्या पाठीमागे लिहिलं: एक कपाट, पुस्तकं मावतील तेवढी. विकणार: बाबा. घेणार: वस्तीतली पोरं. वस्तीतल्या सुताराला विहाराच्या कोपऱ्यातली जागा दाखवली. महिनाभरात काचेची दारं असलेलं एक कपाट तिथं उभं राहिलं. बाबांच्या पैशांत खोली, पगार, बाकीची कपाटं हे अजून बसत नाही. उरलेले पैसे बँकेत आहेत.

पुस्तकं लावून झाल्यावर मी खिशातून कार्ड काढून फाडलं आणि टाचणी लावली. विहाराची देखभाल करणारे काका बाजूलाच उभे होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी वडिलांचं ते बोलणं स्वतः ऐकलेलं होतं.

"एकच कपाट?"

"सध्या एक वाटा," मी म्हणालो.

"वाटा? कशाचा वाटा?"

पोरं दाराशी चपला काढत होती. मी काकांना म्हणालो, "बसा, सांगतो," आणि लिंबांपासून सुरुवात केली.